रागदारीसाठी सर्ज एक्सटी : एका फुकट सिंथेसायझरचे परीक्षण

सोलापुरात नव्या पेठेत किंवा अन्यत्र कीबोर्ड घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार आधी सतार, बासरी आणि सनई यांचे आवाज ऐकवतो आणि मग त्यांच्या जोडीला केरवा लावून देतो. ऑर्केस्ट्रा, लग्नाची वरात आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम यांसाठी तेवढे पुरते. मात्र ज्याला यमन अर्धा तास मांडून वाजवायचा आहे, त्याच्या आड नेमके हेच आवाज येतात. ध्वनिमुद्रित सतारीच्या प्रत्येक स्वरात मिजराबीचा (सतार छेडण्याच्या नखीचा) आघात पक्का बसवलेला असतो, त्यामुळे पंचमावरून गंधारावर उतरताना मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे) निघत नाही, दोन सुटे आघात ऐकू येतात. रागदारीसाठी सिंथेसायझर निवडताना त्यात किती वाद्यांचे आवाज आहेत हे पाहण्यापेक्षा तो स्वरांना कुठे बसू देतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर कसा जाऊ देतो हे पाहावे, असे माझे मत आहे. या कसोटीवर मला आजवर सर्वांत समाधानकारक वाटलेले साधन म्हणजे सर्ज एक्सटी हे संगणकावर चालणारे सिंथेसायझर होय, आणि त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही.

सर्ज मुळात क्लेस योहान्सन यांनी व्हेंबर ऑडिओ या नावाने तयार केलेले विकाऊ सॉफ्टवेअर होते. २०१८ साली त्यांनी त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून स्वयंसेवक ते वाढवत आले आहेत आणि २०२२ पासून ते सर्ज एक्सटी या नावाने मिळते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, एरवीच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येते किंवा स्वतंत्रपणेही उघडता येते. सोबत हवा एक बऱ्यापैकी लॅपटॉप, डावीकडे पिच व्हील (स्वर वरखाली करणारे चाक) व मॉड्युलेशन व्हील (आवाजात हवा तो बदल करणारे चाक) असलेला मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकाला जोडून वाजवायचा कीबोर्ड, आणि शक्य असल्यास संगणकातला आवाज स्पीकरकडे नेणारा छोटा ऑडिओ इंटरफेस.

या सिंथेसायझरचा खरा मोठेपणा त्यातल्या स्वर हवे तसे लावण्याच्या सोयीत आहे. बाजारातला कोणताही कीबोर्ड उघडला की समभाजित (बारा समान भागांत वाटलेले) सप्तक समोर येते, म्हणजे त्यातला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार साधारण ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटांचा फरक सिनेगीतात कोणाच्या लक्षात येत नाही, पण तानपुरा लावून गंधारावर न्यास केला, म्हणजे तिथे थांबले, की स्वर चक्क थरथरू लागतो. सर्जमध्ये आपले सप्तक आपणच लिहून देता येते. स्काला या सप्तके लिहिण्याच्या पद्धतीची एक साधी मजकुराची फाइल नोटपॅडमध्ये तयार करायची, पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत स्वरांची संख्या, आणि पुढे एकेका ओळीत एकेक स्वर लिहायचा. षड्ज लिहावा लागत नाही, तो गृहीतच असतो, आणि शेवटची ओळ तार षड्जाची म्हणजे २/१ ही असते. गंधार ५/४, मध्यम ४/३, पंचम ३/२ असे गुणोत्तरांत लिहिले तरी चालते, किंवा दशांश चिन्ह देऊन सेंटमध्ये लिहिले तरी चालते. (आकडे मात्र देवनागरीत लिहिले तर फाइल वाचली जात नाही.)

धैवताचा प्रश्न इथे फार रंजक होतो. ऋषभाशी षड्जपंचम संवाद (सा-प एवढे अंतर) हवा असेल तर धैवत २७/१६ म्हणजे ९०६ सेंटांवर ठेवावा लागतो, आणि गंधाराशी षड्जमध्यम संवाद (सा-म एवढे अंतर) हवा असेल तर ५/३ म्हणजे ८८४ सेंटांवर. एकाच फाइलीत दोन्ही साधत नाहीत. म्हणून मी यमनाची एक फाइल आणि भूपाची दुसरी फाइल ठेवतो, आणि यात कुणाचे मत वेगळे असेल तर त्याने आपली तिसरी करावी, कारण ती करायला पाच मिनिटे लागतात. एरवी हार्मोनियमवर हे करायचे म्हणजे आतल्या रीड (सुराच्या धातूच्या पत्त्या) घासून घेण्यासाठी पेटी कारागिराकडे ठेवायची, आणि तीही एकाच सप्तकासाठी. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची (सूक्ष्म स्वरस्थानांची) हार्मोनियम सिद्ध केली तिच्यामागची तळमळ ज्यांना पटते, त्यांना सर्जची ही सोय विशेष भावेल.

एक अडचण सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. फाइल उघडल्यावर षड्ज मध्य सप्तकातल्या पांढरी एकवर (पाश्चात्त्य सी) बसतो. काळी एकवर वाजवायचे असेल तर वेगळी कीबोर्ड मॅपिंग फाइल द्यावी लागते, आणि तीत षड्जाची कंपनसंख्या २७७.१८ अशी लिहावी लागते. गायिकेबरोबर काळी चारवर बसायचे असेल तर पुन्हा वेगळी. एकदा सगळ्या पट्ट्यांच्या फाइली करून ठेवल्या की हा त्रास संपतो, पण ऐन बैठकीत गायकाने पट्टी अर्ध्या स्वराने खाली घेतली तर हार्मोनियमवाला हसतो आणि सिंथवाला मेनू शोधतो.

आता मींडेविषयी. सर्जमध्ये एका वेळी एकच स्वर वाजवण्याच्या अनेक रीती आहेत, त्यांपैकी 'मोनो एसटी+एफपी' ही रीत रागासाठी निवडावी. तिच्यात आधीची पट्टी दाबलेली असतानाच पुढची दाबली तर नवा आघात होत नाही आणि स्वर घसरत पुढच्या स्वरावर जातो, तर पट्टी सोडून दुसरी दाबली की स्वच्छ सुटा स्वर मिळतो. म्हणजे मींड आणि खडा स्वर यांतली निवड बोटांच्या हाती राहते, कोणते बटण दाबावे लागत नाही. या घसरणीला लागणारा वेळ ठरवता येतो, तिचा वळसा बदलता येतो, आणि अंतर जास्त असेल तर वेळही जास्त लागावा अशी सोयही आहे. मी ती चालू ठेवतो, कारण गळ्याला षड्जापासून पंचमापर्यंत जायला ऋषभापर्यंत जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतोच.

एका वेळी एकच स्वर ही सिंथेसायझरची जुनी मर्यादा होती. १९६८ साली अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस यांनी मूग सिंथेसायझरवर जर्मन संगीतकार बाखचे संगीत ध्वनिमुद्रित केले तेव्हा त्यांना एकेक ओळ वेगळी वाजवून वर दुसरी चढवावी लागली, आणि १९७० साली आलेला मिनीमूग हा सिंथेसायझरही एका वेळी एकच स्वर देणारा होता. पाश्चात्त्य संगीताच्या दृष्टीने हे अपंगत्व असेल, पण आपल्या रागाला मुळात एकच ओळ लागते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवले तेव्हा त्यांच्या हाताशी जी यंत्रे होती, त्यांतही स्वर घसरवण्याची सोय महत्त्वाची ठरली होती.

पेटी वाजवणाऱ्याला इथे एक अनपेक्षित फायदा मिळतो. त्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो, म्हणजे उजव्या हाताने स्वर आणि डाव्या हाताने श्वास ही विभागणी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. सर्जमध्ये मॉड्युलेशन व्हील आवाजाच्या पातळीला आणि फिल्टरला (आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जोडून ठेवले की ते भात्यासारखे काम करू लागते, स्वर हळू उमलतो आणि न्यासाला विरतो. पिच व्हील मात्र स्प्रिंगने मधोमध परत येते, म्हणून पंचमावरून गंधारावर उतरायचे असेल तर चाक आधी वर दाबून गंधाराची पट्टी वाजवायची आणि चाक सावकाश सोडायचे. चाकाची कक्षा किती स्वरांची असावी हे ठरवता येते. मी ती तीन अर्धस्वरांची ठेवली आहे. दरबारीच्या आंदोलित गंधारासाठी फाइलीत ३२/२७ म्हणजे २९४ सेंटांचा गंधार देऊन आंदोलन अंगठ्याने घ्यावे. आंदोलनासाठी आतल्या एलएफओचा (स्वर आपोआप हेलकावणाऱ्या यंत्रणेचा) उपयोग करण्याचा मोह होतो, पण त्याचे सारखे हेलकावे तिसऱ्या आवर्तनालाच कंटाळवाणे होतात.

आवाजाच्या बाबतीत साधेपणा हिताचा. एक सॉ-टूथ (करवतीच्या दातांसारखी) लहर, तिच्यावर बऱ्यापैकी बंद केलेला फिल्टर, थोडा रिव्हर्ब (घुमारा), एवढ्यावर मंद्र सप्तकात जो भरदार आवाज निघतो तो बैठकीला पुरेसा आहे. सर्जमध्ये दोन हजारांहून अधिक तयार आवाज आहेत, पण त्यांतले बहुतेक इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी केलेले आहेत आणि रागदारीच्या माणसाने त्यांत फार वेळ घालवू नये. तानपुऱ्यासाठी मी वेगळे यंत्रच वापरतो.

उणिवा बऱ्याच आहेत. पडद्यावर सरकपट्ट्यांची इतकी दाटी आहे की चष्मा लावूनही अक्षरे शोधावी लागतात, आणि माहितीपुस्तिका इंग्रजीतच आहे. द्रुत तानांमध्ये स्वर एकमेकांत विरघळतात, त्यांना दाणेदारपणा आणायचा तर बोटे उचलून वाजवण्याचा वेगळा रियाज करावा लागतो. गमक (स्वराला जोरकस झोका देणे) तर जवळजवळ निघतच नाही. शिवाय विलंबाचा प्रश्न आहे. संगणकाचा बफर, म्हणजे आवाज बाहेर देण्यापूर्वी साठवला जाणारा त्याचा तुकडा, ५१२ नमुन्यांचा असेल तर पट्टी दाबल्यापासून सुमारे १२ मिलिसेकंदांनी आवाज येतो, आणि द्रुत तीनतालात तेवढ्यानेही तबल्याशी सम चुकल्यासारखी वाटते. १२८ नमुन्यांवर हा विलंब ३ मिलिसेकंदांवर येतो, पण लॅपटॉपवर ताण पडतो, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलेला लॅपटॉपही आवाजात मध्येच करकर करू लागतो. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, स्पीकर मात्र बंद पडतो.

आवाज स्पीकरवर अवलंबून असण्याची चांगली बाजू मात्र सोलापूरच्या पूर्व भागातल्या विद्यार्थ्यांकडे पाहिले की दिसते. शेजारी यंत्रमाग खटखटत असताना तिथे गळ्याचा किंवा पेटीचा रियाज करणे कठीण असते, तर हेडफोन लावून रात्री कितीही वेळ वाजवता येते आणि घरातल्यांची झोपही मोडत नाही. नव्याने शिकणाऱ्याला शुद्ध गंधार आणि समभाजित गंधार एकामागून एक ऐकवता येणे हा शिक्षकाच्या दृष्टीनेही मोठाच लाभ आहे.

सिंथेसायझरवर राग वाजवावा का, हा वाद सोलापूरच्या रसिकांत अजून संपलेला नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये शिथिल होईपर्यंत तीन दशके गेली, त्यामुळे पट्टीच्या वाद्याकडे संशयाने पाहण्याची आपल्याकडे परंपराच आहे. दक्षिणेत के. सत्यनारायणन यांनी कीबोर्डवर कर्नाटक संगीत आणि आपल्याकडे अभिजित पोहनकर यांनी हिंदुस्थानी संगीत रुजवून दाखवले आहे, तरी घरगुती बैठकीत एखादे आजोबा 'मींड छान, पण वाद्य कुठंय?' असे विचारतातच. त्यांच्यासाठी मी स्पीकर स्वतःच्या शेजारी, बसण्याच्या उंचीवर ठेवतो आणि हॉलच्या वरच्या कोपऱ्यातल्या स्पीकरांना आवाज देत नाही. तबलजीच्या दिशेने दुसरा छोटा स्पीकर हवाच, नाहीतर तो माझी बोटे पाहून ठेका धरतो. गायकाच्या साथीला मात्र मी आजही पेटीच घेऊन जातो, कारण साथीत पट्टी बदलायला आणि ऐन वेळी एखादी सुरावट उचलायला सर्ज अजून अपुरे पडते. एकल वादनाला, रियाजाला आणि शिकवण्याला ते मी निःसंकोचपणे सुचवेन. मिडी कीबोर्ड घेताना ४९ पट्ट्यांपेक्षा कमी घेऊ नये आणि चाकांऐवजी जॉयस्टिक असलेला टाळावा, कारण जॉयस्टिकवर आवाजाचा भाता एका पातळीला धरून ठेवता येत नाही.