माझंच चित्र दाखवून ते दुसऱ्या मुलीला फसवत होते

गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या एका अनोळखी मुलीचा मेसेज आला. "ताई, हे चित्र तुमचं आहे का? एका प्रकाशनवाल्यांनी मला नमुना म्हणून पाठवलंय." चित्र माझंच होतं. सांगलीवाडीतल्या आमच्या जुन्या घराची गच्ची, चहूकडे पुराचं गढूळ पाणी आणि आज्जीच्या हातात म्हशीचं दावं. कोपऱ्यातली माझी सही तेवढी गायब होती. मला कसं फसवलं ही गोष्ट आठ महिने मी घराबाहेर कुणालाच सांगितली नव्हती. तो मेसेज वाचल्यावर मात्र गप्प राहवेना.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती, पण घरात चित्रकला म्हणजे सुट्टीतला छंद. कॉलेजात आल्यावर मोबाइलवर बोटानंच आयबिस पेंट या ॲपमध्ये काढायला लागले. लग्नपत्रिका आणि बारशाची आमंत्रणं करून जमलेल्या पैशांतून एक छोटा पेन टॅब्लेट घेतला आणि दादाच्या जुन्या लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट मिळतं. या टॅब्लेटवर हात टेबलावर फिरतो आणि रेघ समोर स्क्रीनवर उमटते. ही जुळणी बसायला मला दीड महिना लागला. रोज सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कमानी काढायचे, कारण कमानीची रेघ जरा ढळली तरी लगेच कळते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हापासून सतारमेकर गल्लीतही जायला लागले. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर उजेड कुठं संपतो आणि सावली कुठं सुरू होते ते बघत बघत मी रंग लावायला शिकले. ती चित्रं इन्स्टाग्रामवर टाकायचे.

त्यातलंच एक बघून एका माणसानं मला गाठलं. शुद्ध मराठी बोलणारा, सभ्य आवाजाचा. लहान मुलांची पुस्तकं काढतो म्हणाला. २४ चित्रं, एकाचे १,५०० रुपये, म्हणजे ३६,०००. रक्कम मोठी होतीच, पण मी भुलले ती वेगळ्याच गोष्टीला. त्यानं विचारलं, "मॅडम, भोपळ्यावरचा पिवळा उजेड तुम्ही खालून का आणलात?" असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पप्पा "छान झालंय" म्हणतात, मैत्रिणी बदाम टाकतात. इथं कुणीतरी माझं चित्र नीट वाचत होतं. फसवणारा वरवरची स्तुती करतो असं सगळे सांगतात म्हणून हे मुद्दाम लिहिते. या माणसानं माझ्या कामाचा अभ्यास केला होता.

तीन नमुना चित्रं मागितली. पुस्तकातली गोष्ट पुराची होती. २०१९ च्या महापुरात आम्ही सांगलीवाडीच्या घराच्या गच्चीवर अडकलो होतो आणि म्हैस जिन्यानं वर आणताना आज्जीनं तिच्याशी जे बोलणं चालवलं होतं ते मला अजून आठवतं. आज्जी आता नाही. नऊ रात्री जागून ती चित्रं काढली. मग त्यानं सांगितलं, "छपाईसाठी ३०० डीपीआय हवं, लेअर्ससकट पीएसडी पाठवा." मी पाठवल्या, म्हणजे छापता येतील एवढ्या मोठ्या आणि चित्राचा प्रत्येक थर (लेअर) वेगळा ठेवणाऱ्या फाइल्स. माझी सही वेगळ्या लेअरवर होती. त्या लेअरसमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की सही गेली, दुसरं काही करावं लागत नाही. तीन नमुन्यांचा एक रुपयाही हातात आला नव्हता आणि सगळं काम त्याच्याकडे पोचलं होतं.

पुढं गोल शिक्का मारलेला करार आला. त्यावर सही करून पॅन कार्डाच्या फोटोसह परत पाठवायचा होता. मग नोंदणी फी १,००० आणि जीएसटी, एकूण १,१८०. चार दिवसांनी "तुमचे ३६,००० मंजूर झालेत, पण १० टक्के टीडीएस आधी भरावा लागेल, तो परत मिळतो" म्हणून ३,६००. दुसऱ्याच दिवशी १८ टक्के जीएसटीचे ६,४८०. सोबत बँकेत रक्कम अडकल्याचा स्क्रीनशॉट. तिन्ही वेळा क्यूआर कोडवर वेगळ्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे" हे उत्तर. ११,२६० रुपये गेले. स्क्रीनवाला टॅब्लेट घ्यायला दोन वर्षं साठवत होते ते पैसे.

खातं पडताळणीचे आणखी ५,००० मागितले तेव्हा माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. जमत नाही म्हटल्यावर तासाभरात त्याचा सूर बदलला. करार मोडला म्हणून ५०,००० भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस घरी येईल. पीडीएफवर अशोकस्तंभही होता. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री पप्पांना सांगितलं.

पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा लावून सगळे मेसेज वाचले आणि म्हणाले, "पोरी, शेतकऱ्याची हमाली-तोलाई पट्टीतनं कापून बाकीचे पैसे हातात देत्यात. माल घालणाऱ्याकडनंच आधी रोकड कोण मागतंय व्हय?"

टीडीएसचं, म्हणजे मोबदल्यातून आधीच कापल्या जाणाऱ्या आयकराचं, नेमकं असंच असतं. तो कापायचा झाला तर पैसे देणाराच आपल्या बिलातून कापतो, आपल्या पॅनवर सरकारकडे भरतो आणि ती नोंद आयकर खात्याच्या पोर्टलवर आपल्याला दिसते. काम करणाऱ्यानं तो आधी कुणाच्या खात्यात भरायचा प्रश्नच येत नाही. जीएसटीचंही तेच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी असली तरी तो कर आपण गिऱ्हाइकाकडून घेतो. बी.कॉम.ला हे मी शिकले आहे. परीक्षेत लिहिलंही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला बँकेकडून मिळणारे क्रमांक मागितले. शेवटचे पैसे जाऊन तोवर चार दिवस झाले होते. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझी तोवर कुठल्या कुठं गेली होती. शिवाय लाजेपोटी मी अर्धं चॅट पुसून टाकलं होतं. कृपा करून ते करू नका. कितीही लाज वाटली तरी एकूण एक मेसेज ठेवा आणि पैसे गेल्याचं लक्षात येताच फोन करा. माझे पैसे अजून आलेले नाहीत. पॅन त्यांच्याकडे असल्यामुळे माझ्या नावावर कुणी कर्ज तर काढलं नाही ना, हेही अधूनमधून क्रेडिट रिपोर्टमध्ये बघते.

नोटिशीची भीती मात्र गेली. पप्पांच्या ओळखीच्या वकिलांनी तो करार वाचला. त्यात कोणती चित्रं, किती काळासाठी, किती मोबदल्यात, यातलं काहीच नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर हे सगळं लेखी यावं लागतं. चित्र काढलं त्या क्षणी ते माझं झालं, त्यासाठी नोंदणीची गरज नाही. माझ्याकडे क्रिटाच्या मूळ फाइल्स आहेत, पहिल्या कच्च्या रेघेपासून.

आता नमुना म्हणून मी जुनंच काम दाखवते, तेही लहान आकाराच्या जेपीजीमध्ये आणि मधोमध आडवं नाव टाकून. नवीन चित्राला हात लावायच्या आधी अर्धे पैसे घेते. लेअर्सची फाइल पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय देत नाही. सही आता चित्रातच विणते, कधी दाव्याच्या पिळात, कधी लुगड्याच्या काठात. पाच गिऱ्हाइकांपैकी दोघं या अटी ऐकून गेले. तिघं राहिले.

साताऱ्याच्या त्या मुलीनं पैसे भरले नव्हते. १,१८० चा क्यूआर उघडून बसली होती आणि चित्र ओळखीचं वाटलं म्हणून तिनं आधी मला विचारलं. ती अकरावीत आहे.

उरलेली दोन चित्रं अशी आहेत: एकात पाण्यातून येणारी नारिंगी बोट आणि तिच्या टोकाला बसलेला ओला कुत्रा, दुसऱ्यात पूर ओसरल्यावर चिखलानं भरलेलं स्वयंपाकघर आणि खिडकीत वाळत घातलेली वह्यांची पानं. म्हशीच्या चित्रात आज्जीचं लुगडं हिरवं आहे आणि तिच्या डाव्या हातावर तुळशीचं गोंदण आहे. यातलं कुठलंही चित्र कुणी तुम्हाला नमुना म्हणून पाठवलं, तर पैसे भरायच्या आधी मला कळवा.