कॅटआर: हिशेब चोख, पण आयत्या सेटिंगवर विसंबू नका

उमेदवाराच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा-अवघड करत नेणारी तर्कक्षमता चाचणी बांधायची असेल, तर तिचं गणित आधी पारखून घ्यायला संख्याशास्त्रासाठीच्या आर या संगणकभाषेतलं कॅटआर हे मोफत पॅकेज उत्तम. प्रत्यक्ष परीक्षा घ्यायला मात्र ते नाही. स्क्रीन, घड्याळ, लॉगिन, यातलं त्यात काहीच नाही.

प्रश्नांचं कॅलिब्रेशन, म्हणजे उमेदवारांच्या उत्तरांवरून प्रत्येक प्रश्नाचे आकडे ठरवणं, हेही ते करत नाही. ते काम सहसा आरमधल्याच मर्ट पॅकेजमध्ये उरकतात आणि पहिली ठेच तिथेच लागते. मर्ट आपणहून काठिण्य देत नाही, आंतरछेद (इंटरसेप्ट, म्हणजे समीकरणातला स्थिरांक) देतं. कॅटआरला प्रश्नांच्या तक्त्याच्या दुसऱ्या स्तंभात काठिण्य हवं असतं. आकडे जसेच्या तसे चिकटवले तर चिन्ह उलटतं, सोपा प्रश्न अवघड ठरतो आणि एररही येत नाही. आंतरछेदाला भेदनक्षमतेने (प्रश्न कच्चे-पक्के उमेदवार किती वेगळे करतो, त्या आकड्याने) भागा, चिन्ह बदला. नाहीतर मर्टमधून आकडे काढणाऱ्या 'कोएफ' आज्ञेत 'आयआरटीपार्स' ट्रू ठेवा.

आयती सेटिंग्जही जपून वापरावीत. काहीच न बदलता चालवलं तर प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच येतो, कारण निवड शून्य, म्हणजे सरासरी, क्षमतेजवळ सर्वाधिक 'माहिती' देणाऱ्या (तिथली क्षमता सर्वांत नेमकी मोजणाऱ्या) प्रश्नाची होते. 'रँडमेस्क' ५ केलं की वरच्या पाचांतून एक चिठ्ठी निघते. ते सुरुवातीच्या आणि पुढच्या, दोन्ही निवडींत करावं लागतं. चाचणी चालू असताना क्षमतेचा अंदाज काढायला एमएल (फक्त उत्तरांवर चालणारी पद्धत) नको, ईएपी (अंदाजाला सरासरीकडे ओढून धरणारी पद्धत) घ्या. पहिली तीन उत्तरं बरोबर आली की एमएल थेट ४ वर, म्हणजे पट्टीच्या टोकाला जाऊन बसतं.

चाचणी कधी थांबवायची, यात खरी मेख आहे. प्रमाण त्रुटी (क्षमतेच्या अंदाजातली संभाव्य चूक) ०.३० हवी तर एकूण माहिती सुमारे ११.१ लागते. भेदनक्षमता १.५ असलेला, अंदाजपंचे उत्तराला वाव नसलेला प्रश्न फार तर ०.५६ देतो, म्हणजे किमान २० प्रश्न. तोच प्रश्न चार पर्यायांचा केला आणि अंदाजपंचे बरोबर येण्याचं प्रमाण ०.२५ धरलं, तर माहिती ०.३५ वर येते आणि प्रश्न ३२ होतात. (भेदनक्षमता १ असेल तर बोलायलाच नको.) आकृत्यांच्या प्रश्नांना सहा-आठ पर्याय का ठेवतात, ते इथे कळतं. नुसता 'प्रिसिजन' (त्रुटी पुरेशी घटली की थांबा) नियम लावला तर टोकाच्या उमेदवारापुढे अख्खी प्रश्नपेढी रिकामी होते, म्हणून 'लेंग्थ'ची, म्हणजे प्रश्नसंख्येची, मर्यादा सोबत हवीच.

बैठक व्यवस्थेच्या एका कोड्यावरचे पाच प्रश्न सुटे टाकू नयेत. मांडणी चुकली की पाचही चुकतात, पॅकेज मात्र त्यांना स्वतंत्र पुरावे समजतं आणि त्रुटी खोटी लहान दाखवतं. त्या संचाला ० ते ५ गुणांचा एकच प्रश्न करून जीआरएम (टप्प्याटप्प्याने गुण देणाऱ्या प्रश्नांसाठीचं प्रारूप) खाली चालवा. ती सोय आहे.

सगळ्यात कामाची आज्ञा 'सिम्युलेटरिस्पॉन्डंट्स'. हजारेक काल्पनिक उमेदवार सोडले की क्षमतेचा अंदाज कोणत्या बाजूला झुकतो, त्रुटी किती आणि कोणता प्रश्न किती जणांना गेला, सगळं एकदम दिसतं. 'आरमॅक्स' (एक प्रश्न जास्तीत जास्त किती प्रमाणात उमेदवारांना जावा, ती मर्यादा) ०.२ ठेवून पुन्हा चालवा. २ च्या पुढच्या क्षमतेला त्रुटी फुगली, तर दोष पॅकेजचा नाही. पेढीत तेवढे अवघड प्रश्नच नाहीत.

सोबत येणारी ८५ प्रश्नांची टीकॅल्स पेढी इंग्रजी भाषाचाचणीची आहे. आज्ञा शिकायला ठीक. इंग्रजी तर्कप्रश्नांचं मराठीकरण केलंत तर जुने आकडे सोडून द्या आणि मराठी उमेदवारांवर, निदान ५०० तरी, नव्याने कॅलिब्रेशन करा.