जुना लेथ घेताय? आधी टेलस्टॉकची रेघ बघा

घरी छोटं वर्कशॉप थाटण्यासाठी जुना लेथ (धातू फिरवत कातणारं यंत्र) शोधणाऱ्या बडोदेकरांनी हे जरूर वाचावं. मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला जुनी यंत्रं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने मला साडेचार फुटी लेथ दिला आणि ठरवून फसवलं. मला करायचं होतं ते साधंच: पंपाचे बुश, पिना, पुली, कुणाच्या पंख्याचा शाफ्ट.

मायक्रोमीटर खिशात घालूनच गेलो होतो. त्याने दोन सेंटरांमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांमध्ये) सळी लावली, हलका कट घेतला आणि म्हणाला, "मापी लो काका, माखण जेवुं चाले छे." दोन्ही टोकांच्या मापात पॉइंट शून्य एक मिलिमीटरचाही फरक नव्हता. बेड (लेथचा लांब पाया) चकचकीत, सॅडल (बेडवर सरकणारा, टूल धरणारा भाग) हलका फिरत होता, हिरवा रंग ताजा.

घरी पहिला बुश करायला घेतला आणि सगळं बाहेर आलं. सळी नुसती चकात (एकच टोक धरणाऱ्या फिरत्या पकडीत) धरून चालवली, तर चकाकडे व्यास जास्त, बाहेर कमी. १०० मिलिमीटर लांबीत ०.०८ मिलिमीटरचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा! अशा बुशात शाफ्ट नीट बसणार कसा? लेथचे पाय असमान टेकले आणि बेड पिळला गेला तरी टेपर येतो, म्हणून स्पिरिट लेव्हल लावून, पायाखाली पाचरी घालून पाहिलं. फरक तसाच.

मग दांडिया बाजारातल्या नानांना बोलावलं. त्यांचं सारं आयुष्य टर्नर म्हणून गेलं. ते थेट टेलस्टॉकच्या (चकासमोरच्या टोकाचं सेंटर धरणाऱ्या भागाच्या) मागे गेले, अंगठ्याने चाचपलं आणि थिनरचा बोळा मागितला. टेलस्टॉकचा वरचा भाग तळावर आडवा सरकतो. वरची रेघ खालच्या रेघेशी जुळली की सेंटर सरळ. रंग पुसल्यावर दिसलं, वरची रेघ केसभर मागे, म्हणजे टूलपासून लांब होती आणि दोन्ही रेघा जाड रंगाखाली गाडलेल्या होत्या.

"अरे, बेडची झीज लपवायला सेंटर मागे ढकललंय," नाना म्हणाले.

लेथवर बहुतेक काम चकाजवळ होतं, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतो. सॅडल तिथे खाली बसतो, टूल जॉबपासून (कातायच्या तुकड्यापासून) किंचित लांब जातं आणि व्यास वाढतो. दुसऱ्या टोकाचं सेंटर मागे सारलं की तिथलाही व्यास वाढतो आणि दोन्ही मापं जुळतात. हे चुकून होत नाही. कुणीतरी बसून, मापं घेऊन जुळवलेलं असतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

म्हणून विकणाऱ्याच्या सेंटरांवरच्या कटावर जाऊ नका. २५ मिलिमीटरची आपली सळी न्या, चकातून १०० मिलिमीटर बाहेर काढा, टेलस्टॉकचा आधार न देता हलका कट घ्यायला लावा आणि दोन्ही टोकं मोजा. बेडची चमक पॉलिश पेपरनेही येते. सॅडल चकाजवळ उभा करून त्याची खालची पकड नीट आवळायला सांगा आणि हाताने टेलस्टॉककडे फिरवत न्या. बेड झिजलेला असेल तर तो मध्येच घट्ट होऊन अडकतो. माझ्या लेथची पकड मुद्दाम सैल ठेवली होती.

हेडस्टॉकचं (चक फिरवणाऱ्या पेटीचं) वेगळंच. तेल भरल्यावर एका बाजूला रंगाला फुगा आला. खरवडलं तर बिडाला तडा आणि वर लांबी (पुट्टी) भरलेली. छोटं लोहचुंबक फिरवून बघा, लांबीचा थर जाड असेल तिथे ते धरत नाही. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणे, टेम्पोत आदळलं असेल. तड्याच्या आत जुनं काळं तेल आणि त्यावर ताजी लांबी, हे टेम्पोत कसं होईल? आटे पाडायला लागणारे बदली गियर "नंतर पाठवतो" म्हणाला होता, तेही आले नाहीत.

हातात फक्त कच्ची चिठ्ठी आहे: "जुनं मशीन १ नग, जसं आहे तसं". पैसे मात्र यूपीआयने दिले होते, त्यामुळे नोंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला २ वर्षांची मुदत असते, तिथेही जाणार आहे. तुम्ही यंत्र घ्याल तेव्हा पक्कं बिल मागा आणि टेम्पोत चढवण्यापूर्वी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा.

त्याच्या आवारात त्याच हिरव्या रंगाचे आणखी दोन लेथ विकायला उभे आहेत.