दुर्बीण ९० मिलिमीटरची, भोक ४० चं: १९,८०० रुपये असे गेले

आधी रक्कम सांगते. दुर्बिणीचे १४,८५० आणि ‘रिफंड’च्या नावाखाली काढलेले ४,९५०, एकूण १९,८०० रुपये. त्यातले ११,००० शाळेच्या विज्ञान मंडळासाठी पालकांनी आणि सहकाऱ्यांनी दिलेली वर्गणी होती. ती मी माझ्या पगारातून एकेकाची सही घेऊन परत केली. ऊसतोडीच्या हंगामात शंभर रुपये काढून देणाऱ्या बाईंच्या हातात तीच नोट परत ठेवताना वर मान करवत नाही. हे सगळं लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. पण मला खोटी दुर्बीण विकणारा तोच माणूस अजून विकतोय, म्हणून लिहिते.

जानेवारी २०२५ आठवा. संध्याकाळी शुक्र, शनी, गुरू, मंगळ एकाच वेळी आकाशात. वाहिन्यांवर ‘ग्रहांची परेड’ चालू. १६ तारखेला मंगळाची प्रतियुती, म्हणजे मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. वर्गात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, “बाई, दुर्बीण कधी येणार?” २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी गावासाठी आकाशदर्शन ठरवून बसले होते. ओळखीच्या दुकानात माल संपलेला. अशा वेळी जाहिरात समोर येते. या लोकांना आकाशात काय चाललंय ते आपल्याइतकंच माहीत असतं, हे लक्षात ठेवा. ग्रहण, धूमकेतू, परेड असल्या दिवसांत घाईने दुर्बीण घेऊच नका. ग्रह कुठे पळून जात नाहीत.

मला काही कळत नव्हतं म्हणून फसले, असं कुणी समजू नये. वांगणीला रात्र रात्र आकाशदर्शन केलंय. खोक्यावर ‘६७५ पट’ लिहिलं की ते कसं येतं हे मी मुलांना शिकवते: ९०० मिमी नाभीय अंतर (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं), ४ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), म्हणजे २२५ पट. त्याला तिप्पट करणारं बार्लो भिंग लावलं की झाले ६७५. आकडा खरा, उपयोग शून्य. दर मिलिमीटर व्यासाला फार तर दोन पट, त्यापुढे चित्र फक्त मोठं आणि गढूळ होतं. म्हणून मी विकणाऱ्याला पट विचारलेच नाहीत, थेट भिंगाचा व्यास विचारला. “मॅडम, ९० मिमी, फोकल लेंग्थ ९००, ॲक्रोमॅटिक.” (फोकल लेंग्थ म्हणजे नाभीय अंतर, ॲक्रोमॅटिक म्हणजे रंगदोष कमी करणारं भिंग.) धडाधड उत्तरं आली. भावही संशय यावा इतका पडेल नव्हता. माहितगार गिऱ्हाइकाला काय ऐकवायचं हे त्याला पाठ होतं.

मग त्याने एक फोटो पाठवला. “काल रात्री याच दुर्बिणीतून काढलाय, मॅडम.” शनी. कडी छान उघडलेली, मधली काळी फट स्पष्ट.

इथेच सगळं संपायला हवं होतं. २०१७ मध्ये शनीची कडी आपल्याकडे सुमारे २७ अंशांनी कललेली होती, तेव्हा ती अशी दिसायची. त्यानंतर ती मिटत आली. २३ मार्च २०२५ ला तर पृथ्वी कड्यांच्या पातळीतूनच जाणार होती. म्हणजे त्या जानेवारीत शनी कुणाच्याही दुर्बिणीतून, कितीही महागड्या, बारीक सुई टोचलेल्या लिंबासारखाच दिसला असता. ‘काल रात्री’ असा फोटो काढणं अशक्य होतं. आणि हे मला माहीत होतं! त्याच आठवड्यात नववीच्या फळ्यावर मी स्वतः शनीच्या आकृत्या काढल्या होत्या: २०१७ चा, २०२१ चा, आत्ताचा. फोटो आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते, समोर तपासायच्या वह्या, तास सुरू व्हायला दोन मिनिटं. “सुंदर!” असं उत्तर लिहिलं आणि पैसे पाठवले. आज तो संदेश बघवत नाही.

फोटो मागाच, पण तो आज दिसणाऱ्या आकाशाशी ताडून बघा. गुरूचा असेल तर त्या तारखेचे उपग्रह कुठे होते ते कुठल्याही फुकट ॲपमध्ये दिसतं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ गुलाबी-जांभळा दाखवला तर फोन ठेवून द्या. लहान दुर्बिणीतून डोळ्याला तो राखाडीच दिसतो.

खोकं आलं. नळीच्या तोंडाला ऐटदार काळी टोपी, बाहेरून मोजली तर बरोबर ९० मिमी. ती दवरोधक टोपी होती. भिंग तिच्या आत, ६० मिमीचं. तरीही चित्र अंधुक का, ते कळेना. मग रात्री नेत्रिका लावून मागून टॉर्च मारला आणि पुढे पांढरा कागद धरला. उजेडाचं वर्तुळ पट्टीने मोजलं: ४० मिमी. नळीत डोकावले तर भिंगाच्या मागे प्लॅस्टिकची काळी चकती बसवलेली, मधोमध भोक. हलक्या प्रतीच्या भिंगाच्या कडेचे दोष झाकायची ही जुनी युक्ती आहे. ९० ऐवजी ४० म्हणजे प्रकाशाचा पाचवा हिस्साही नाही. चंद्रावरचे खड्डे दिसले, पण ते बऱ्या बायनॉक्युलरनेही दिसतात. तिपाई अशी की नेत्रिकेला पापणी लागली तरी गुरू बाहेर. टॉर्चची ही परीक्षा विकणाऱ्यासमोर करा. त्याने नाही म्हटलं तर उठून या.

परत पाठवते म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. रिफंड तीन हप्त्यांत, प्रत्येकी ४,९५०, क्यूआर कोड स्कॅन करा म्हणाला. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. पण तो फोनवर सारखा बोलत होता, “मॅडम, सिस्टीम दोन मिनिटांत बंद होईल,” आणि मुख्याध्यापकांना संध्याकाळपर्यंत हिशोब द्यायचा होता. मी पिन टाकला आणि ४,९५० यायच्या ऐवजी गेले. ज्याच्या गळ्याशी दुसऱ्यांचे पैसे आलेत त्याचं डोकं कसं चालतं, ते बाहेरून शहाणपण सांगणाऱ्यांना कळणार नाही.

यानंतर जे झालं त्याचा राग चोरापेक्षा जास्त आहे.

सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला, फोन लागता लागेना. लागला तेव्हा फक्त ४,९५० ची नोंद घेतली. पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, “मॅडम, माल तर मिळाला ना? मग फसवणूक कशी? ग्राहक मंचात जा.” मी ४० मिमीचं वर्तुळ काढलेला कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला आणि मागे बसलेल्याला म्हणाले, “दुर्बिणीचं भोक लहान आहे म्हणे.” सगळे हसले. मी तिथे उभी होते. आरोपी परराज्यातला दिसतोय, तिकडे तक्रार करा, असंही सांगितलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही ठाण्याने तो नोंदवायचा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. मी हे बोलले तर म्हणे, “मग तुम्हीच लिहा एफआयआर.” शेवटी अर्जावर पोच मिळाली, तीही शिक्क्याशिवाय.

बँकेचं एकच पालुपद: पिन तुम्हीच टाकलाय. कुरियरवाले म्हणाले, आम्ही फक्त पोचवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला तर “गोपनीय”. ग्राहक आयोगात आपल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. पण समोरच्याचा पत्ता तर हवा! संकेतस्थळावरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड नोटीस पाठवली, ती ‘पत्ता अपुरा’ शेरा मारून परत आली. ई-वाणिज्य नियम २०२० प्रमाणे विक्रेत्याने पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे. नियम छान आहेत. ते पाळले जातात का हे बघणारं टेबल कुठल्या कचेरीत आहे, ते मला कुणीही सांगितलं नाही. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तेच: “शिकलेल्या बाई तुम्ही, असं कसं केलंत?” चोराला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

ज्यांना खरंच घ्यायची आहे त्यांनी आधी ७×५० किंवा १०×५० (७ किंवा १० पट, भिंग ५० मिमी) बायनॉक्युलर घ्या, त्यावर वर्ष सहज जातं. मग पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईकडे खगोल मंडळ, अशा आकाशप्रेमींच्या संस्थांत जाऊन दुसऱ्यांच्या दुर्बिणींना डोळा लावा. डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, दिसायला साधी तोफ असते, पण नवख्याला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता आणि प्रत्येक कचेरीत पहिला प्रश्न तोच आला.

आता दुसऱ्या नावाने जाहिरात चालू आहे, किंमत १२,९९९, शनीचा फोटो तोच. तक्रारीत तीही जोडली. तक्रारीच्या पोर्टलवर स्थिती अजून ‘प्रक्रियेत’.