टायमिंग बेल्ट नवा टाकला, आयडलर जुनाच ठेवला: गॅरेजचा अनुभव, ५ पैकी २ स्टार

गॅरेजचं नाव लिहीत नाहीये, कारण आमचं शेवटी मिटलं आणि मिटवताना त्यांनीही थोडं नमतं घेतलं. पण जे झालं ते सगळं लिहिणार आहे, कारण हे कुणाच्याही गाडीचं होऊ शकतं आणि मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर इंजिन वाचलं असतं.

गाडी डिझेल, ४ सिलिंडर १६ वॉल्व. ७८ हजार किलोमीटरला मी याच गॅरेजला टायमिंग बेल्ट बदलून घेतला होता, मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच्या थोडं आधीच, कारण बेल्टच्या बाबतीत उशीर करायचा नाही हे मला माहीत होतं. बहुतेक गाड्यांना ६० हजार ते १ लाखाच्या मधे कुठेतरी बदलायला सांगतात आणि किलोमीटर झाले नसले तरी ठरावीक वर्षांनी बदलायचाच असतो, रबर आहे ते, उभ्या गाडीतही म्हातारं होतं. तर बदलला, बिल भरलं, निश्चिंत झाले.

११ महिन्यांनी, ९३ हजारला, हायवेवर चढ चढताना गाडी एकदम बंद. आधी काहीच नाही, ना दिवा लागला ना आवाज, फक्त एक खडखड झाली अर्धा सेकंद, कुणी डब्यात खिळे हलवावेत तशी, आणि मग शांत. बाजूला आई बसली होती. मी क्लच दाबला आणि कशीबशी गाडी कडेला घेतली. तो क्लच लगेच दाबला गेला ते बरं झालं असं नंतर कळलं, कारण गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन बंद पडलं तरी चाकं क्रँक फिरवत राहतात.

इथे थोडं थांबून सांगते की आत होतं काय. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) खाली, कॅमशाफ्ट (वॉल्व उघडणारा दांडा) वर, दोघांना बांधून ठेवतो तो बेल्ट. बेल्टला वाट देते ती आयडलर पुली, ताणून धरतो तो टेन्शनर. क्रँकचे २ फेरे झाले की कॅमचा १, हे गणित कधीच चुकायला नको. २४०० आरपीएमला गाडी चालली असेल तर क्रँक सेकंदाला ४० वेळा फिरतोय. बेल्ट तुटला की कॅम जागेवर थांबतो, जे वॉल्व त्या क्षणी उघडे असतील ते उघडेच राहतात, आणि खालून पिस्टन येतच राहतो. ज्या इंजिनात वॉल्व आणि पिस्टन एकच जागा आळीपाळीने वापरतात तिथे मग टक्कर होते. डिझेल इंजिनं जवळजवळ सगळी अशीच आणि पेट्रोलमधलीही बरीच. सगळीच नाहीत हां, काही इंजिनांत मधे जागा असते, तिथे नवा बेल्ट टाकला की गाडी चालू. आपली कुठली हे बेल्ट तुटायच्या आधी माहीत करून घेतलेलं बरं.

टोचन करून गाडी त्याच गॅरेजला नेली कारण काम त्यांचंच होतं. आणि पहिली गोष्ट त्यांनी काय केली, तर एका मुलाने आत बसून सेल्फ मारला. "बघू तर दे" म्हणत. मी ओरडले पण तोवर दोनदा मारून झाला होता. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरत होता, कॉम्प्रेशन नसलं की तसाच फिरतो, ते कानालाच कळतं. बंद पडलेल्या टायमिंग बेल्टच्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, एकदाही नाही, आधीच वाकलेल्या वॉल्ववर पिस्टन पुन्हा आपटतो. वरचं प्लास्टिक कव्हर काढून टॉर्च मारला तरी बेल्ट दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे. ज्या गॅरेजच्या बोर्डवर इंजिन स्पेशालिस्ट लिहिलंय त्यांना हे मी सांगायला नको होतं.

मग कव्हर काढलं. हे मी समोर उभं राहून बघितलं आणि प्रत्येक टप्प्याला फोटो काढले, माझ्या मामांनी फोनवर सांगितलं म्हणून. ते म्हणाले, "एकदा खोललं की पुरावा गेला, आधी फोटो काढ, मग हात लावू दे." कव्हरच्या आतून काळी पूड खाली पडली, मूठभर असेल. बेल्ट तुटलेला, पण त्याच्या पाठीवरचा छापा अजून स्वच्छ वाचता येत होता, म्हणजे बेल्ट नवाच होता, त्याबद्दल त्यांनी फसवलं नव्हतं. पण एका बाजूची कड पूर्ण कुरतडलेली, धागे बाहेर आलेले, रुंदी काही ठिकाणी निम्मी. आणि कव्हरला आतून बेल्टने घासून घासून खाच पाडलेली. आयडलर पुलीला हात लावला तर ती हातात डुगडुगली, बेअरिंग पार गेलेलं, ग्रीस नाही, धातू तापून निळसर पडलेला. तिरकी झालेली पुली बेल्टला एका बाजूला ढकलत राहिली, बेल्ट कव्हरला घासत राहिला आणि एक दिवस तुटला. न शिकलेल्या माणसालाही दिसेल असं होतं ते.

मालक आले. पहिलं वाक्य, "मॅडम, तुम्ही गाडी जास्त रेस करत असाल." दुसरं, "बेल्ट कंपनीचा डिफेक्ट आहे, आम्ही फक्त बसवतो." तिसरं, "गॅरंटी बदललेल्या पार्टची असते, बेल्ट फुकट देतो." इंजिनाचं? ते तुमचं. हेड म्हणजे इंजिनाचा वॉल्व असलेला वरचा भाग उतरवायचं, वॉल्व, गाइड, फेसिंग, गॅस्केट, जो अंदाज सांगितला तो त्या बेल्टच्या कामाच्या बिलाच्या जवळपास १२ पट होता. आणि तोही तोंडी.

मी विचारलं, आयडलर का नाही बदलला. तर म्हणे आवाज करत नव्हता. अहो पण तिथे पोचायला जी मजुरी लागते ती मी भरलीच होती ना, माउंटिंग सोडवा, पट्टे काढा, कव्हरं काढा, सगळं तेवढंच, वर आयडलर आणि टेन्शनर नवा घालायला वेगळा वेळ किती लागणार होता. वॉटर पंपही याच बेल्टवर असेल तर तोही त्याच वेळी करतात. म्हणून तर हे किट म्हणून एका खोक्यात मिळतं. ७८ हजार किलोमीटर फिरलेलं बेअरिंग परत बसवायचं आणि त्याच्यावर आणखी ७०-८० हजारांची अपेक्षा ठेवायची हे मला अजूनही पटत नाही. मला एक फोन केला असता, ताई किट घालू का, मी हो म्हणाले असते. तो फोन झाला नाही, आणि माझ्या बिलावर नुसतं "टायमिंग बेल्ट १ नग, मजुरी" एवढंच होतं, मी तेव्हा ते नीट वाचलंही नव्हतं. बिलावर किट लिहिलंय की नुसता बेल्ट हे बघायचं असतं हे मला आता कळलं.

वाद ८ दिवस चालला. गाडी तिथेच. मी त्यांना लेखी कळवलं की माझी परवानगी आल्याशिवाय हेड खोलायचं नाही, आणि तुटलेला बेल्ट, आयडलर, टेन्शनर, कव्हर सगळं माझ्या ताब्यात द्यायचं. ते भंगारात टाकणार होते, मी तिथेच उभी राहून पिशवीत भरून घेतलं. मग बाहेरचे एक ऑटोमोबाइल इंजिनिअर आणले जे गाड्यांचे तपासणी अहवाल देतात, त्यांची फी मी भरली आणि ती वसूल झाली असं मी म्हणेन. त्यांनी गाडीला तात्पुरता बेल्ट लावून, हाताने हळूच फिरवून, कॉम्प्रेशन बघायला लावलं. ४ पैकी २ सिलिंडरला काहीच दाब नाही. नळीचा कॅमेरा आत घालून पिस्टनवर वॉल्वच्या चंद्रकोरी दाखवल्या मला स्क्रीनवर, चकचकीत, ताज्या. एका पानाचा अहवाल दिला, कारण आयडलरचं बेअरिंग, खाली फोटो.

पण खरा फरक पडला जॉबकार्डने, म्हणजे गाडीवर काय काम केलं याची गॅरेजची नोंद. बिल आपल्याला देतात, जॉबकार्ड त्यांच्याकडे राहतं, मागितल्याशिवाय दिसत नाही. काउंटरवरच्या मुलीने ११ महिन्यांपूर्वीचं काढून प्रिंट दिली, तिचे खरंच आभार. त्यात एक ओळ, टेन्शनर आयडलर तपासले, पुढे टिक, ओके. म्हणजे बघितलं, बरोबर आहे असं ठरवलं आणि परत बसवलं, हा निर्णय त्यांचा होता. मालक म्हणाले त्या दिवशी तो ओकेच होता. असेलही, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बेल्टबरोबर हे दोन्ही बदलायचे असं छापलंय, ते पान मी त्यांच्या टेबलावर ठेवलं, बाजूला जॉबकार्ड, बाजूला ती पुली. त्यानंतर आवाज खाली आला.

शेवटी ठरलं ते असं: पूर्ण मजुरी त्यांची, हेडचं मशीनिंग त्यांचं, वॉल्व आणि गॅस्केट अर्धे अर्धे, किट मी आणणार. सगळं लेखी, सहीनिशी. मला पूर्ण हवं होतं, पण गाडी महिनाभर अडकवून भांडायची ताकद नव्हती माझ्यात, आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असतं.

हेड उतरवल्यावर ८ वॉल्व वाकलेले निघाले, ३ रॉकर (वॉल्व दाबणारे छोटे दांडे) तुटलेले. पिस्टनवर फक्त खुणा होत्या, तडा नव्हता, बोअर साफ.

आता चांगलं तेही सांगते. दुसऱ्यांदा काम ज्या वयस्कर मिस्त्रीदादांनी केलं त्यांचं काम बघत राहावं असं. बेल्ट चढवल्यावर त्यांनी पान्याने क्रँक हाताने पूर्ण २ फेरे फिरवला, अगदी सावकाश, मधे कुठे अडतंय का बघत, आणि मला बोलावून खुणा परत जुळलेल्या दाखवल्या. टेन्शनरचा बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळला, अंदाजाने नाही. मी विचारलं दादा पहिल्या वेळी तुम्हीच होता का, तर मान हलवून नाही म्हणाले, जास्त बोलले नाहीत. गाडी आता ४ हजार किलोमीटर चाललीय, स्टार्ट एका सेल्फला, धूर नाही, ऑइल खात नाही.

दोन्ही स्टार त्या दादांचे आणि काउंटरवरच्या मुलीचे आहेत. बाकीचे ३ कापले ते बेअरिंग खराब झालं म्हणून नाही, बेअरिंग कुणाचंही जातं. कापले ते त्या सेल्फसाठी, "रेस करत असाल" साठी, आणि ८ दिवसांत, सही करतानाही, आमचं चुकलं हे दोन शब्द कुणाच्या तोंडून आले नाहीत म्हणून. ऑइल बदलायची वेळ आलीय, त्यासाठी दुसरीकडे नंबर लावलाय.