कानदुखीवरचे ड्राय सिरप: सात दिवसांच्या वापरानंतरचा अभिप्राय

तीन वर्षांच्या मुलीचा कान दोन दिवस ठणकत होता आणि ताप उतरत नव्हता, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी कान तपासून अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे ड्राय सिरप सात दिवसांसाठी लिहून दिले. हे मिश्रण अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या ब्रँडचा नसून औषधाचा आहे.

पिंपरीत वाढल्यामुळे पेनिसिलिन हा शब्द लहानपणापासून माझ्या कानावर आहे. 1954 साली तिथे स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना तेच बनवत असे. अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातले आहे. जीवाणू वाढताना आपल्याभोवतीची भिंत सतत बांधत असतो. ते बांधकाम पुरे करणाऱ्या प्रथिनांना हे औषध चिकटते, भिंत कच्ची राहते आणि जीवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसल्यामुळे तिला या माऱ्याची झळ लागत नाही. मात्र काही जीवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करून औषधाच्या रेणूतील अणूंचे कडेच तोडून टाकतात. आमच्या बाटलीत दर 5 मिलिमध्ये 200 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनसोबत जे 28.5 मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल होते, ते या विकरासाठी. स्वतः ते जीवाणूंना फारसे मारत नाही. विकराला अडकवून ठेवते आणि अमॉक्सिसिलिनला आपले काम करू देते. मला या औषधाची ही जोडी फार मोलाची वाटते.

मागच्या वर्षी साध्या सर्दीसाठी एका मेडिकलमध्ये चिठ्ठी न विचारताच ॲझिथ्रोमायसिन हातात ठेवण्यात आले होते, आणि मीही ते मुकाट्याने घेतले होते. ते औषध भिंतीवर नव्हे, तर जीवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे त्याच्या प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेवर घाव घालते. सिप्रोफ्लॉक्सासिनचा वर्ग त्याच्या डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या विकरांना रोखतो. सर्दीच्या विषाणूकडे यांपैकी काहीच नसते, त्यामुळे ते औषध वाया गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 पासून प्रतिजैविकांचे ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह असे तीन गट केले आहेत. आमचे सिरप पहिल्या गटात येते, तर ॲझिथ्रोमायसिन दुसऱ्या, म्हणजे जपून वापरायच्या गटात.

वापराबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ओलाव्याने लवकर खराब होते, म्हणूनच औषध कोरड्या भुकटीच्या रूपात येते. भुकटी आधी हलवून मोकळी करायची, पाणी थोडे घालून बाटली हलवायची आणि मगच खुणेपर्यंत भरायची. एकदम पाणी ओतले तर तळाशी गोळा बसतो आणि पहिले डोस पातळ जातात. कालवलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, दर वेळी हलवावी लागते आणि सात दिवसांनंतर उरलेले औषध टाकून द्यावे लागते. आम्हाला 5 मिलि दिवसातून दोनदा द्यायचे होते, म्हणजे 30 मिलिची बाटली तीन दिवसांत संपत होती, त्यामुळे पुढची बाटली गरज पडेल तेव्हाच कालवली.

गुण चांगला आला: तिसऱ्या दिवशी ताप नव्हता आणि मुलगी दुखऱ्या कानाच्या कुशीवर झोपू लागली. त्रास म्हणजे दोन दिवस जुलाब झाले. या औषधाने ते होतात हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, आणि जेवणाच्या सुरुवातीला डोस दिल्यावर पोट बरेच सांभाळले गेले. चव गोड असली तरी मागे कडवट राहते.

माझी खरी तक्रार वेष्टनाबद्दल आहे. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे सांगणारी लाल उभी रेषा ठळक होती, पण पाण्याची खूण लेबलच्या कडेखाली अर्धी झाकलेली होती, आणि कालवण्याची कृती बारीक इंग्रजीत छापलेली होती. ती माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, आणि दुपारी मुलगी त्यांच्याकडेच असते; अखेर मी ती मराठीत लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवली.