भरतकाम शिकायचं किट, भरपूर वापरून झाल्यावर: पेन सोडून बाकी ठीक

आधी एक तारा दिला होता, आता तीन करतोय. पेनाला वेगळे तारे द्यायची सोय असती तर शून्य दिले असते, आणि शून्याच्या खाली जायची सोय असती तर तिकडे गेलो असतो.

किट तेच, सगळीकडे दिसतं ते. बांबूच्या दोन रिंगा, एक सहा इंची, एक आठ इंची. पन्नास रंगांच्या लड्या, सुयांचं पाकीट, चिमुकली कात्री, सुईत दोरा ओवायची चकती, फुलं छापलेले कापडाचे तुकडे, काही कोरे तुकडे, क्यूआर कोडवरचे व्हिडिओ, सूचनांचं पत्रक आणि कापडावर चित्र काढायचं ते निळं पेन. किंमत १,२९९ रुपये. घेतलं होतं लेकीसाठी, दहावीच्या सुट्टीत. तिने एक पाकळी अर्धी भरली, ‘बाबा, फार स्लो आहे हे’ म्हणाली आणि परत मोबाइलमध्ये गेली. तोवर परत करायची मुदत उलटली होती. तेराशे रुपयांची वस्तू माळ्यावर टाकायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी बसलो. लोक विचारतात या वयात प्रेरणा कुठून मिळाली, तर ती इथून. नोकरी हिशेब खात्यात, सुईशी संबंध शर्टाच्या बटणापुरता.

(‘पुरुष असून भरतकाम?’ विचारणाऱ्यांसाठी: जरदोजीच्या कारखान्यात एकदा डोकावून या. अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटीवर, वाकून बसलेले बहुतेक बाप्येच दिसतील.)

व्हिडिओ बघून शिकायचं ठरवलं असेल तर एक सांगतो, त्यांच्या क्रमाने जाऊ नका. दुसऱ्याच व्हिडिओत ते गुलाब करायला घेतात, कारण गुलाब दिसतो छान. आपण नवखे. आपल्याला आधी धावदोरा सरळ रेषेत, सारख्या मापाचा घालता आला पाहिजे. तो जमला की उलटी टीप, मग देठाचा टाका, मग साखळी. गाठीचा टाका सगळ्यात शेवटी. आणि तो बिघडतो ते सुईला वेढे कमी-जास्त झाल्यामुळे नव्हे. सुई जिथून वर आली त्याच भोकातून परत खाली घातली की गाठ पलीकडे ओढली जाते. एखादा धागा सोडून शेजारी घालायची, आणि सुई पूर्ण पार होईपर्यंत डाव्या हाताने दोरा ताणून धरायचा. व्हिडिओत नेमकं त्याच वेळी बाईंचा अंगठा मधे येतो.

दुसरी गोष्ट पत्रकात कुठेच नाही, आणि तिच्यावाचून पहिले काही आठवडे नुसत्या गुंत्यात जातात. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात. नाजूक कामाला त्यातले दोन किंवा तीनच घ्यायचे. नवखा माणूस दोन पदर एकदम धरून ओढतो आणि उरलेल्या चारांचा पिळा होऊन बसतो. एक पदर चिमटीत धरायचा, बाकीचे दुसऱ्या हातात सैल सोडायचे आणि तो एकटा पदर सरळ वर ओढायचा. बाकीचे खाली गोळा होतात, वाटतं संपलं, आता गाठ बसली. पदर सुटून आला की ते आपोआप मोकळे होतात. मग दुसरा पदर तसाच काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. दोऱ्याची लांबी एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सारखं ओवायला नको म्हणून लांब घेतलात तर शेवटाकडे दोरा पिंजतो.

आता पेन.

पत्रकात लिहिलंय की चित्र या पेनाने काढा, भरून झालं की वरून हलकी इस्त्री फिरवा, रेघा जातील. मी आईच्या उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर कडेने आंब्याच्या पानांची वेल काढली होती. काम चांगलं उतरलं होतं, हे मी म्हणत नाही, आई म्हणाली, आणि ती सहसा म्हणत नाही. इस्त्री फिरवली. रेघा गेल्या तर नाहीतच, पक्क्या झाल्या. पाण्यात भिजवलं, साबण लावला, लिंबू चोळलं. निळ्याला कडेने तपकिरी झाक आली, एवढाच फरक.

मग शोधाशोध केली. कापडावर लिहायच्या, नंतर जाणाऱ्या पेनांचे तीन प्रकार निघाले. एक पाण्याने जाणारं, बहुधा निळं. एक हवेने आपोआप उडणारं, बहुधा जांभळं. आणि एक उष्णतेने जाणारं. पाण्याने जाणाऱ्या शाईला इस्त्री दाखवली की ती पक्की होते. डिटर्जंटनेही होऊ शकते, म्हणून आधी नुसत्या गार पाण्यात खळबळून काढायचं असतं. या किटवाल्यांनी पेन दिलंय पाण्याचं आणि सूचना छापलीय उष्णतेच्या पेनाची. पेन कुणी निवडलं आणि पत्रक कुणी लिहिलं, त्या दोघांची गाठ पडली नसावी.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, ‘अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा.’ अहो, पेन फुटलेलं नाही, पत्रक चुकलंय. खोकं उघडतानाच्या व्हिडिओत ते कसं दिसणार? मग लिहिलं की इस्त्रीमुळे शाई पक्की झाली तर जबाबदारी ग्राहकाची. त्यांच्याच पत्रकातल्या त्या ओळीभोवती लाल गोल करून फोटो पाठवला. काही दिवस शांतता. मग पुढच्या किटवर दहा टक्के सूट देणारं कूपन. मी पुन्हा लिहिलं. शेवटी बदली पेन आलं. तेच निळं. सोबत तेच पत्रक.

त्या दिवशी एक तारा दिला होता. रागात होतो, पण हिशेबाने योग्यच होता.

स्टेशनरीच्या दुकानातून उष्णतेने जाणारं पेनही आणून बघितलं. इस्त्री लावताच रेघ खरंच गायब होते. खूश झालो. पण असंही वाचलं होतं की ही शाई साधारण साठ अंशांच्या आसपास दिसेनाशी होते आणि कडक थंडीत परत येऊ शकते. विश्वास बसेना, म्हणून एक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्री फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी सौ.ची हाक, ‘अहो, मटारात हे फडकं कसलं?’ बाहेर काढलं तर रेघ हजर, जरा फिकी, पण ओळखता येईल इतकी. थोडक्यात, ही शाई कापडातून जात नाही, लपून बसते. आपल्या हवेत कपाटात ठेवलेल्या रुमालाला धोका नाही. परदेशातल्या कुणाला, बर्फाच्या गावी भेट पाठवणार असाल तर या पेनाच्या वाटेला जाऊ नका.

हवेने उडणाऱ्या जांभळ्या पेनाबद्दल एकच वाक्य: दमट हवेत ते आणखी लवकर उडतं, त्यामुळे ठाण्याच्या पावसाळ्यात रात्री काढलेली वेल सकाळी तुम्हालाच आठवून भरावी लागते.

इथून मत बदलायला सुरुवात झाली, आणि त्याचं श्रेय किटवाल्यांना नाही. दादरला शिवणसामानाच्या एका दुकानात पेनाची कर्मकथा सांगितली तेव्हा गल्ल्यावरचे काका हसले. म्हणाले, ‘पेन हवंय कशाला? खाका करा.’ गेटवे पेपरवर, म्हणजे ट्रेसिंगच्या त्या पारदर्शक कागदावर, चित्र काढायचं. रेषेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची. कागद कापडावर ठेवून टाचण्या लावायच्या आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने वरून पुसायचं. भोकांतून ठिपके उतरतात. गडद कापड असेल तर निळीऐवजी झिंकची पांढरी पावडर. रॉकेल उडून जातं, नीळ धुण्यात जाते. रॉकेल आता मिळायची मारामार, तर हल्ली टर्पेंटाइनवर भागवतात. हे करताना खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसजवळ बसू नका. एकदा भोकं पाडलेला कागद कितीही वेळा वापरता येतो. उशांचे अभ्रे जोडीने लागतात, त्यामुळे हे मला फार पटलं. पेन दर खेपेला नव्याने रेघ मागतं, कागद मागत नाही.

पण खरा निकाल लागला तो आईच्या ट्रंकेत. तिची काळी इरकल आहे, पदराजवळ कसुतीच्या भरतकामातले हत्ती आणि तुळशीवृंदावन. माझं बालपण त्या पदराला हात पुसण्यात गेलं, पण त्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. कसुतीला चित्र काढावंच लागत नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. धारवाड-हुबळीकडचं हे काम, इरकल साड्यांबरोबर कोल्हापूर-सोलापूरच्या घराघरांत आलेलं. टाके चारच: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे धावदोराच, पण जाताना एकआड एक घर सोडायचं आणि परत येताना सोडलेली घरं भरायची. दोन्ही बाजूंनी रेघ सारखी. मुर्गी त्याचीच पायऱ्या-पायऱ्यांची तऱ्हा. नेगी विणल्यासारखा दिसतो. मेंथी म्हणजे फुली. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांखाली दडवायचं, म्हणजे मागची बाजूही दाखवता येते.

मी मॅटीवर सुरुवात केली. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुली ज्या भोकाभोकांच्या कापडावर फुल्या घालायच्या, तेच ते. आमच्याकडे तेव्हा मुलांना खडूच्या पेट्या करायला लावायचे, त्यामुळे हे कापड हातात आलं थेट आता. एक धागा मोजायला चुकला तर लगेच कळत नाही. वृंदावनाचा चौथरा नीट येतो, खांब नीट येतात आणि वर पोचल्यावर डावी आणि उजवी बाजू एकमेकींना भेटत नाहीत. उसवायचं म्हणजे आलो त्याच वाटेने सुई उलट काढत जायचं. आईच्या साडीवरचा नमुना उतरवताना डोळ्यांनी धागे मोजता येईनात, काळ्यावर तर अजिबातच नाही. फोनने फोटो काढला, मोठा करून बघितला आणि चौकटीच्या वहीत फुल्यांनी मांडला. हे काम मात्र मला पहिल्या बैठकीत जमलं. आयुष्यभर रकानेच भरत आलोय.

नमुने शोधण्यावरून एक रडगाणं. फोनवर भरतकाम बघायला लागलात की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही, आणि हातून एक टाका पडत नाही. वर तिथलं सगळं एकाच वळणाचं, लव्हेंडरच्या काड्या आणि इंग्रजी सुभाषितं. मी लव्हेंडर कधी वास घेण्यापुरतंही बघितलेलं नाही. मला नमुने मिळाले ते रांगोळीच्या पुस्तकात. दिवाळीआधी फुटपाथवर मिळतं ते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे तयार मोजणीच. ठिपका म्हणजे भोक, रेघ म्हणजे टाका. सात ते सात ठिपक्यांचं कमळ मॅटीवर जसंच्या तसं बसतं. तिरक्या रेघा चालतात, वळणाच्या सोडून द्यायच्या. त्यानंतर खिडकीच्या ग्रिलपासून जिन्यातल्या जुन्या फरशीपर्यंत सगळंच मोजावंसं वाटायला लागतं. सौ. म्हणते, लग्नात आलेल्या माणसाने बायकांच्या साड्यांचे काठ इतके निरखून बघू नयेत.

आता किटमधल्या बाकीच्या वस्तू. रिंगांचे स्क्रू बरे आहेत, पण कापड सैल पडत राहतं. आतल्या रिंगेला पायजम्याची सुती नाडी घट्ट गुंडाळून टोक शिवून टाका, मग कापड ढोलकीसारखं ताणलेलं राहतं. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा, नाहीतर गोल सुरकुती आणि मळकट कडं बसतं. सुया चांगल्या आहेत, अजून तकाकी आहे. सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते, पाकीट घेताना लक्षात ठेवा. दोरा ओवायच्या चकतीची तार पहिल्याच आठवड्यात निघाली. कात्री ठीक. लड्या पन्नास म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात गुलाबीच्याच इतक्या छटा आहेत की दोन शेजारी ठेवल्या तर फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही, आणि लाल रंग सुटतो. लाल वापरण्याआधी एक तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. मी आता अँकर कंपनीच्या सुट्या लड्या आणतो. लडी आठ मीटरची, सहा पदर धरले तर एकेरी दोरा अठ्ठेचाळीस मीटर. मोजक्या रंगांत भागवलं तर बराच काळ पुरते.

मग तीन तारे कशाचे? सुयांचा एक, रिंगांचा एक, आणि तिसरा यासाठी की हे खोकं घरात आलं नसतं तर मी दुकानात जाऊन सुई मागितली नसती. नव्याने सुरुवात करणाऱ्याने किट घेऊ नये असंच मी सांगेन. अर्धा मीटर मॅटी, एक रिंग, सुयांचं पाकीट, चार-पाच लड्या आणि चौकटीची वही, एवढं किटच्या निम्म्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत येतं. घेतलंच असेल तर पेनाच्या पत्रकातली इस्त्रीची ओळ आधी खोडा.

संक्रांतीला लेकीने स्वतःहून मागितलं म्हणून तिच्या काळ्या कुर्त्याच्या गळ्याला कसुती करायला घेतलीय. कुर्त्याचं कापड फार घट्ट विणीचं, मोजता येत नाही. वर मॅटी टाचून त्याच्या आधाराने भरायचं आणि नंतर मॅटीचे धागे एकेक करून उपसून काढायचे, अशी काकांनी युक्ती सांगितली. चालली आहे, पण धागे उपसताना टाके ओढले जातायत. मॅटीपेक्षा बारीक, पण आडवे-उभे धागे सारखे मोजता येतील असं सुती कापड ठाणे-मुलुंडकडे मीटरवर कुठे मिळत असेल तर कळवा. ऑनलाइन नको.